बजबजची जीप

दादाने पुण्याहून पहिली जाहिरात पाठवली तेव्हा आईला जाऊन दोनेक वर्षं होत आली होती आणि बाबा दिवसभर बाल्कनीतल्या खुर्चीत बसून असत. आमचं घर कोलकात्यात, बालीगंजला, दुसऱ्या मजल्यावर. खाली शाळेच्या बसेस, मासेवाले, रिक्षा. बाबा ते सगळं बघत असत की नुसते डोळे उघडे ठेवून बसत, ते मला कधी कळलं नाही. पेपर मांडीवर असे, पान उलटलेलं नसे.

जाहिरातीत एका जुन्या हिरव्या जीपचा फोटो होता. खाली दादाने लिहिलं होतं, "ही हावड्याला आहे. बाबा बघून येतील का?" बाबांच्या तब्येतीबद्दल एक अक्षर नव्हतं.

दादाला जुन्या जीपांचं वेड नव्यानेच लागलं होतं. पुण्यात त्याच्या ओळखीतल्या काहीजणांकडे जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्या होत्या. रविवारी ते त्या डोंगरात घेऊन जात, मुद्दाम चिखलात घालत आणि फोटो टाकत. त्यांच्यातल्या कोणीतरी त्याला सांगितलं, की खरा माल पूर्वेकडे मिळतो. लष्कराने लिलावात काढलेल्या, चहाच्या मळ्यांवर नाहीतर कोळशाच्या खाणींवर राबलेल्या, आणि नंतर कोणी हात न लावलेल्या गाड्या. तेव्हा दादाला आठवलं, की आपला बाप तिकडेच राहतो आणि त्याला जीपमधलं कळतं.

बाबांना कळत होतं, हे खरं. तरुणपणी ते भूगर्भशास्त्रज्ञ म्हणून केंद्र सरकारच्या नोकरीत कोलकात्याला आले आणि इथलेच होऊन गेले. वर्षातला अर्ध्याहून जास्त काळ ते कॅम्पवर असत. सिंगभूमची जंगलं, सिक्कीमचा पायथा. ड्रायव्हर तापाने पडला की स्वतः जीप चालवत, नदीच्या पात्रात ती बंद पडली की स्वतः उघडून बसत. दादा थोडा मोठा झाल्यावर सुट्टीत ते त्याला बरोबर न्यायला लागले. मला कधी नेलं नाही. तंबूत मुलीची सोय होत नाही, असं आई सांगे. दादा परत आला की त्याच्या कपड्यांना पेट्रोलचा आणि धुराचा वास येई, आणि ते कपडे मी बादलीत भिजत घालत असे. मध्ये एकदा मी त्याला त्या दिवसांबद्दल विचारलं तर म्हणाला, "डास फार होते गं."

मी फोटो बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावला, फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ नेला.

"हा बंपर या गाडीचा नाही," ते म्हणाले.

कितीतरी दिवसांत ते पहिल्यांदाच स्वतःहून काही बोलले होते. मग म्हणाले, "उद्या जाऊ. त्या माणसाला सांगून ठेव, आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करायचं नाही. गरम इंजिन काहीही लपवतं."

हावड्याची ती गाडी एका लेथच्या कारखान्यामागे पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. मालक चाळिशीतला, गळ्यात सोन्याची साखळी, बोलायला गोड. लष्कराची गाडी, एकच मालक, सगळं मूळचं, असं तो एका दमात सांगत होता. बाबांनी आधी बॉनेटवर तळहात ठेवला. कोमट होतं. माझ्याकडे बघून त्यांनी भुवई उंचावली. मग खिशातून फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं आणि दाराखालच्या पत्र्यावर टेकवलं. चुंबक चिकटलं नाही, घसरून खाली पडलं. थोडं पुढे टेकवलं, पुन्हा पडलं.

"इथे पत्रा नाही, पुट्टी आहे," बाबा मला मराठीत म्हणाले. "गंजलेला भाग कापायच्या ऐवजी लिंपून टाकलाय. वर रंग."

मग ते खाली बसले. ऐंशी उलटलेला माणूस, गुडघ्याचं ऑपरेशन झालेला पाय, आणि ते सिमेंटच्या फरशीवर वर्तमानपत्र अंथरून चक्क आडवे झाले. मला म्हणाले, "टॉर्च धर. नाही, तिकडून." मी वाकले, मग गुडघ्यांवर आले, मग मीही आडवी झाले. माझी सुती साडी ऑइलने माखली. बाबांच्या हातात छोटी हातोडी होती. चासीच्या दोन लांब दांड्यांवर ते ती ठोकत पुढे सरकत होते. एका जागी आवाज टणक आला, पुढे एकदम बद्द. "ऐकलंस?" ते म्हणाले. "आतून खाल्लीय."

बाहेर आल्यावर त्यांनी पुढच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट कुठे आहे ते विचारलं. तो नव्हताच. गिअरच्या शेजारचे दोन छोटे दांडे जागेवर होते, हलतही होते, पण ते कशालाच जोडलेले नव्हते. म्हणजे फोर-व्हील म्हणून विकायला काढलेली ती गाडी मागच्या दोन चाकांवरच चालत होती. मालक हसला आणि बंगालीत म्हणाला, कोलकात्याच्या रस्त्यावर चार चाकं लावून काय करणार, काका? बाबांनी चुंबक फडक्यात गुंडाळून खिशात घातलं. पण परतताना, हावड्याच्या पुलावर टॅक्सी अडकलेली असताना, ते खो खो हसायला लागले. "दांडे ठेवलेत शोभेला!" मी त्यांना असं हसताना आई असतानाही फारसं बघितलं नव्हतं.

त्या रात्री जेवताना दादाचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन बाबांसमोर धरून उभी राहिले.

"बाबा, तुम्ही नाही म्हणालात तर नाही," दादा म्हणाला. "पसंती तुमची. पैसे मी देणार. आणि गाडी तुमच्याकडेच राहील, खाली गॅरेज रिकामंच आहे ना? मी येईन तेव्हा आपण दोघं सिंगभूमला जाऊ. पूर्वीसारखे."

"रस्ते आता वेगळे झाले असतील," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता.

"बघू ना. तुम्ही फक्त गाडी शोधा."

मागून वहिनी डोकावली. "ताई, कशा आहात? किती दिवसांनी तुमचं ते गोड मराठी ऐकतेय," ती म्हणाली. मी त्या कॉलवर तोवर एक शब्दही बोलले नव्हते.

तो हिवाळा आम्ही गाड्या बघण्यात घालवला. मी नुकतीच शाळेतून निवृत्त झाले होते, त्यामुळे वेळ होता. दादा दुव्यांमागून दुवे पाठवी, मी फोन करून भाव, जागा, कागद विचारी आणि बाबांना सांगे. निम्म्या गाड्या ते फोटोवरूनच बाद करत. उरलेल्या बघायला आम्ही जात असू. टॉलीगंजला एक होती, ती चित्रपटांच्या शूटिंगला भाड्याने देत. तिला पितळी दिवे, पितळी भोंगा, गादीला लाल मखमल. बाबांनी ऑइलच्या झाकणाखाली बोट घातलं तर आत दुधाळ चिकटा. "इंजिनात पाणी जातंय," ते मला म्हणाले, "आणि हे दिवे पुसत बसलेत." दुसरी एक सुरू केल्याबरोबर मागून निळा धूर आला. निळा म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा थांबतच नसेल तर पाणी. हे मी त्या महिन्यांत शिकले. स्टिअरिंग किती मोकळं फिरतं ते बघायचं. पुढच्या चाकांच्या सांध्यांतून ग्रीस गळतंय का ते बघायचं. मूळचं पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलंय का ते बघायचं, कारण पेट्रोल परवडत नाही म्हणून आपल्याकडे बहुतेकांनी तेच केलंय, आणि बाबांच्या मते त्यानंतर ती गाडी ती राहत नाही. चासीवरचा नंबर रॉकेलच्या फडक्याने पुसून वाचायचा.

मी साठीकडे झुकलेली बाई, आयुष्यभर मुलींना भूगोल शिकवलेली. मला यातलं काही लागणार नव्हतं. पण बाबा मला सांगत होते. जन्मात पहिल्यांदा ते मला काहीतरी दाखवून सांगत होते, "हे बघ," "इथे हात लाव," "आवाज ऐक." घरी आल्यावर ते पोटभर जेवत. मी नवीन टॉर्च घेतली, जुनी सलवार वेगळी काढून ठेवली. त्यांच्या रिकाम्या खुर्चीवर दुपारी कावळे येऊन बसायला लागले.

दादा मात्र कंटाळला. "बाबा फार चिकित्सा करतात," तो मला फोनवर म्हणाला. "गाडी घ्यायचीय, स्थळ बघायचं नाहीये. इथे लोक विचारतात मला, मिळाली का, मिळाली का."

"तू ये आणि बघ मग," मी म्हणाले.

"मला वेळ असता तर तुम्हाला सांगितलं असतं का?"

बजबजची गाडी जाहिरातीत नव्हती. आमच्या ओळखीचा एक मिस्त्री, जो आमची जुनी फियाट सांभाळायचा, त्याने सांगितलं. बजबजला नदीकाठी एक जुनं घर आहे, ज्यूट मिलमधल्या एका इंजिनिअरचं. ते वारले, बायको एकटी आहे, घर बिल्डरला दिलंय, आणि मागच्या शेडमध्ये जीप आहे. भंगारवाले चकरा मारतायत.

बालीगंजहून बजबजची लोकल मिळते. बाबा म्हणाले, लोकलनेच जाऊ. स्टेशनवरून टोटोने, म्हणजे बॅटरीच्या रिक्षाने, तेलाच्या टाक्यांच्या भिंतीशेजारून गेलो. घराला मोठा व्हरांडा, समोर पेरूचं झाड, मागे थेट गंगा. त्या इंजिनिअरच्या बायको, ज्यांना आम्ही तिथल्या रीतीने माशीमा म्हणजे मावशी म्हणायला लागलो, सत्तरीच्या असतील. त्यांनी आम्हाला आधी चहा दिला, नारळाची बर्फी दिली, आणि बाबा कुठले, काय करत होते, सगळं विचारून घेतलं. मग किल्ली आणली.

शेड उघडल्यावर बाबा काही वेळ दारातच थांबले. जीप लाकडी ठोकळ्यांवर चढवून ठेवली होती, म्हणजे टायरांवर भार येऊ नये. वर मेणकापड. माशीमांच्या यजमानांनी ती लष्कराच्या लिलावातून घेतली होती आणि पुढे कधी रंगवलीसुद्धा नव्हती. हिरवा रंग उडून खाली आणखी जुना हिरवा दिसत होता. ते होते तोवर दर रविवारी ती सुरू करत. त्यांच्यानंतर कोणी केली नाही.

बाबांनी चुंबक लावलं. सगळीकडे चिकटलं. हातोडी घेऊन खाली गेले, मी टॉर्च घेऊन पाठोपाठ. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टण, टण, टण. नदीकाठच्या दमट हवेत इतकी वर्षं राहून चासीवर वरवरचा गंज होता, तो नखाने निघत होता. इंजिन मूळचं. दोन्ही शाफ्ट जागेवर. बाबा गाडीखालीच पडून राहिले. मला वाटलं त्यांना उठवत नाहीये.

"बाबा?"

"थांब जरा," ते म्हणाले. "बघू दे."

इंजिन मात्र जाम झालं होतं. बाबांनी स्पार्क प्लग काढून आत पातळ तेल सोडलं आणि म्हणाले, हिला वेळ द्यायचा. पुढच्या आठवड्यात मिस्त्रीला घेऊन आम्ही परत गेलो. पुढून हॅण्डल घालून त्याने जोर लावला, काही नाही. बाबांनी सांगितलं, जोर नको, मागे-पुढे डुलव. तो डुलवत राहिला. एकदम काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि हॅण्डल फिरलं. मग ब्रेक, मग कार्बोरेटर, मग पेट्रोलची टाकी गंजलेली म्हणून बाटलीतून नळी. हे करायला बऱ्याच फेऱ्या झाल्या. माशीमा दर वेळी आमचं जेवण करून ठेवत. बाबांना त्यांच्या हातचं मोचार घोंट आवडायला लागलं, ज्या बाबांनी आयुष्यभर माझ्या आईला केळफूल घरात आणू दिलं नव्हतं.

ज्या दिवशी ती सुरू झाली, त्या दिवशी ढगाळ होतं. खोकली, विझली, पुन्हा खोकली आणि मग चालू राहिली. धूर आधी पांढरा, मग थांबला. शेडमधली कबुतरं उडाली. माशीमा व्हरांड्यातल्या खांबाला धरून उभ्या होत्या आणि रडत होत्या.

बाबांनी गाडी ठोकळ्यांवरून उतरवायला लावली. घरामागे नदीकडे एक उतरण होती, भरतीचं पाणी येऊन गेलेला चिकट गाळ. बाबा स्टिअरिंगवर बसले, मी शेजारी. "पायांना आठवतंय का बघू," असं पुटपुटत त्यांनी क्लच दाबला. खाली गेलो. वर येताना मागची चाकं गाळात गरगर फिरायला लागली आणि गाडी जागच्या जागी रुतली. मला वाटलं संपलं. बाबांनी शांतपणे छोटा दांडा पुढे सरकवला, मग दुसरा. खालून खट्ट झालं. पुढची चाकं गाळ धरून ओढायला लागली, आणि गाडी चालत्या माणसाच्याही हळू वेगाने, एकदाही न घसरता, वर आली.

बाबा उतरले. "ये, इकडे ये," मला म्हणाले. "आता तू."

मी नको म्हणाले. ते ऐकेनात. मी सलवार खोचून चढले. गाडी तीन वेळा बंद पाडली. ते शेजारी बसून सांगत होते, क्लच अर्धा, आता दांडा, घाबरू नकोस, ती स्वतः चढते, तू फक्त सरळ धर. मी खाली गेले आणि वर आले. पुन्हा खाली गेले. नदीवरून तेल नेणारी एक बार्ज जात होती, तिच्यावरची माणसं हात हलवत होती. बाबा टाळ्या वाजवत होते. त्या वेळी मी काय वयाची होते, ते मला खरोखर सांगता येणार नाही.

सौदा ठरवताना माशीमांनी किमतीवरून घासाघीस केली नाही. बाबांना एकच विचारलं, "चालवाल ना? की उभी करून ठेवाल?"

"मी स्वतः चालवीन," बाबा म्हणाले.

दादाने लगेच पैसे पाठवले आणि सांगितलं की तो येतोय. आम्ही गॅरेज साफ केलं. आईच्या जुन्या ट्रंका माळ्यावर चढवल्या, चुना मारून घेतला, मिस्त्रीला जमिनीवर नवीन सिमेंट टाकायला सांगितलं. बाबा दिवसातून दोनदा खाली जाऊन बघून येत. शेजारच्या डॉक्टरांना त्यांनी सांगितलं, मुलगा येतोय, सिंगभूमला जायचंय.

दादा दुपारच्या विमानाने आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टॅक्सीने आम्ही तिघं बजबजला गेलो. माशीमांच्या गल्लीच्या तोंडाशी एक लांब ट्रक उभा होता. उघडा, मागे उतरण लावलेला, गाड्या वाहून नेणारा. मला वाटलं बिल्डरचा असेल. दादा उतरून सरळ त्या ड्रायव्हरशी बोलायला गेला.

"हे कशाला?" मी विचारलं. "बाबा चालवत घेऊन येणार आहेत. मिस्त्री पण येतोय."

"अगं, ही पुण्याला जातेय," दादा म्हणाला. "डायरेक्ट. बालीगंजला नेऊन परत लोड करायची म्हणजे डबल खर्च."

बाबा टॅक्सीतून उतरत होते. एक पाय बाहेर, हात दाराला. त्यांनी ऐकलं होतं. मी दादाला बाजूला घेतलं.

"तू बाबांना म्हणाला होतास, गाडी इथे राहील."

"इथे ठेवून काय करणार? कोलकात्यात जुन्या गाड्यांना किती त्रास देतात माहितेय ना तुला? आणि बाबा या वयात चालवणार आहेत? कोणाला ठोकलं तर?"

"मग तेव्हा का म्हणालास?"

त्याने आवाज खाली आणला. समजूत घालायच्या सुरात म्हणाला, "तूच रडत होतीस ना फोनवर, बाबा दिवसभर खुर्चीत बसून असतात म्हणून? मी त्यांना काहीतरी करायला दिलं. तीन-चार महिने किती छान गेले त्यांचे! तुझेही. यात तुला राग कसला येतोय?"

  तो खोटं बोलत नव्हता. त्याने आम्हाला खेळायला दिलं होतं, आणि खेळून झाल्यावर तो आता खेळणं उचलत होता.

जीप बाबांनीच सुरू केली, कारण दादाला ती सुरू करता येईना. त्यांनी ती शेडमधून गल्लीपर्यंत आणली. तिथे उतरले आणि ट्रकच्या माणसाला क्लच कसा आहे ते समजावून सांगितलं. गाडी वर चढली, चाकांना साखळ्या बांधल्या. माशीमा फाटकात आल्या होत्या. ट्रक बघून त्यांनी बाबांना विचारलं, "कुठे नेताय हिला?"

"वर्कशॉपला," बाबा म्हणाले. "थोडं काम बाकी आहे."

दादा फोटो काढत होता. माझ्या बापाला मी तोवर कधी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं.

परतताना टॅक्सीत दादा पुण्याच्या गप्पा सांगत होता. बाबा हो, हो करत होते. संध्याकाळी दादाने आग्रहाने बाहेर जेवायला नेलं. रात्री झोपायला जाताना मी म्हणाले, "बाबा, तुम्ही त्याला काहीच कसं बोलला नाहीत?"

"त्याचे पैसे, त्याची गाडी," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "इतक्या लांबून आला बिचारा."

मला वाईट वाटलं ते जीपपेक्षा त्या 'बिचारा'चं. मी रोज त्यांच्या गोळ्या काढून देते, नखं कापते, रात्री त्यांच्या खोकल्याने उठते. मला त्यांनी कधी बिचारी म्हटलेलं नाही. मी लांबून येतच नाही ना.

पावसाळ्याच्या सुरुवातीला दादाचा व्हिडिओ आला. जीप आता केशरी होती. रुंद टायर, छतावर दिव्यांची रांग, मागे स्पीकर. कोणीतरी शिट्ट्या वाजवत होतं. दादा गॉगल लावून बॉनेट उघडून दाखवत होता. आत डिझेल इंजिन होतं, चकचकीत.

बाबांनी व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला. मग मला फोन लावायला सांगितला.

"मूळचं इंजिन कुठे आहे?" त्यांनी दादाला विचारलं.

"ते? ते दिलं बाबा गॅरेजवाल्यालाच. जुन्यात घेतलं त्याने. त्याला दम नव्हता हो, घाटात रडायचं."

"बरं," बाबा म्हणाले आणि फोन मला दिला.

त्यानंतर त्यांनी त्या गाडीचं नाव काढलं नाही. गॅरेजच्या नव्या सिमेंटवर शेजाऱ्यांनी विचारून आपली स्कूटर उभी केली. माशीमांचा एकदा फोन आला. घर पाडायला सुरुवात झाली होती, त्या आता आपल्या मुलीकडे, बेहालाला, राहायला गेल्या होत्या. गाडी कशी चालतेय, त्यांनी विचारलं. बाबा झोपले होते. मी खरं सांगितलं. पुण्याला गेली, इंजिन काढलं, रंग बदलला. 

"तुझ्या बाबांना सांगू नकोस मी फोन केला होता ते," त्या म्हणाल्या. "त्यांना वाईट वाटेल."

दुर्गापूजेच्या आसपास दादाने पुन्हा जाहिरात पाठवली. त्याच्या एका मित्राला तशीच गाडी हवी होती. आसनसोलकडे एक आहे म्हणे, खाणीवरची. "बाबांना विचार ना, एकदा बघून येतील का? मित्राला सांगितलंय मी, माझ्या वडिलांसारखा माणूस नाही या विषयातला." मी त्याला फोन करून सांगितलं, बाबांना आता प्रवास झेपत नाही. मी बाल्कनीत उभी राहून बोलत होते आणि बाबा खुर्चीत होते.

फोन ठेवल्यावर ते म्हणाले, "कुठे आहे गाडी?"

"आसनसोल."

"सकाळच्या ट्रेनने जाऊन संध्याकाळी परत येता येतं."

"बाबा, त्याच्या मित्रासाठी? तुम्ही पुन्हा जाणार?"

"त्याने विचारलंय," ते म्हणाले. तोंडावर तोच उजेड होता, हावड्याचा फोटो बघताना आला होता तो. मला तो सहन झाला नाही. मी म्हणाले, मी येणार नाही, आणि तुम्हाला एकट्याला जाऊ देणार नाही. हवं तर दादाला म्हणावं, येऊन घेऊन जा.  बाबांनी पेपर उचलला. रात्री जेवले नाहीत, पोटात जड वाटतंय म्हणाले.

दादा अर्थातच आला नाही. त्याच्या मित्राने दुसरीकडून कुठून तरी गाडी घेतली. दिवाळीत नागपूरच्या आत्याचा फोन आला. इकडचं-तिकडचं झाल्यावर म्हणाली, "एक सांगू का, रागावू नकोस. म्हाताऱ्या माणसाला एखादा छंद असला तर करू द्यावा गं. तू त्यांना फार बांधून ठेवतेस, असं कानावर आलंय."

कोणी सांगितलं हे मी विचारलं नाही. बाबा आत रेडिओ लावून बसले होते. मी आत्याला बरं म्हणाले, आणि फराळाचं काय काय केलं ते विचारलं.